मदरीमचे मंगोल

भांडण भिंतीपलीकडे चाललं होतं आणि मी तंदुरापाशी वाकले होते. एक हात नान लावायला आत, कान मात्र भिंतीला. त्या दिवशी दोन नान निखाऱ्यात पडले ते त्या भांडणापायी. सासूबाईंना मी पीठ सैल झालं होतं म्हणून सांगितलं.

"तू बापाला विकलंस!" आमचे बेकचान ओरडत होते. बेकचान म्हणजे माझे यजमान, घरातले थोरले.

"विकलं कुठे आका, नुसतं सांगितलं." हा धाकटा भाऊ, मदरीम. थोरल्या भावाला आमच्याकडे आका म्हणतात.

"ते पाहुणे हसले की नाही?"

"हसले."

"फोटो काढले की नाही?"

"खिंडाराचे काढले. बाबांचे नाही काढले."

"अरे, खिंडार बाबांचंच ना!"

यावर मदरीम म्हणाला, "मग मी काय सांगायचं? उंटकिल्ल्याला तीन बाजूंनी भिंत आणि चौथीकडे नुसतं आभाळ. माणसं विचारतात. भिंत कंटाळून फिरायला गेली म्हणून सांगू?"

"मंगोल म्हण."

"मंगोल?"

"सगळेच म्हणतात. खिवा शहरात जाऊन बघ, जे जे पडलंय ते मंगोलांनी पाडलं. आठशे वर्षांपूर्वी येऊन गेलेली माणसं, ती काय आता तक्रार करायला येणार आहेत?"

"पण आका, ते खोटं..."

"ऐक. गाढवाचा लगाम माझ्या हातात होता. बाबांचं नाव निघालं की माझंही निघतं. त्या खिंडारापाशी पुन्हा बाबांचं नाव काढलंस, तर माझ्या दस्तरखानावर तुझा पेला नाही."

एवढं बोलून, म्हणजे भावाला घरच्या पंगतीतून उठवायची धमकी देऊन, ते आत आले आणि मला म्हणाले, "करपल्याचा वास येतोय."

त्यात लपवण्यासारखं काय होतं, ते सांगते. आमच्या गावाच्या कडेला वाळवंट सुरू होतं आणि त्या कडेवर एक जुना मातीचा किल्ला आहे. लांबून बसलेल्या उंटासारखा दिसतो म्हणून आम्ही त्याला उंटकिल्ला म्हणतो. कोणत्या राजाचा, ते राजाला ठाऊक. आमच्या जमिनीत मीठ वर येतं, वसंतात शेतं पांढरी पडतात, आणि अशा जमिनीला जुन्या भिंतीच्या मातीसारखं खत नाही. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळायची. मग काय, ज्याला गाडी होती त्याने गाडी भरली, नव्हती त्याने पाटी भरली. गावात असं एक शेत नाही ज्याने किल्ला खाल्ला नाही. पण पश्चिमेची आख्खी भिंत खाल्ली ती आमच्या सासऱ्यांनी, जुमानियाज बाबांनी. सामुदायिक शेतावर ते खरबूजवाले होते. दोन हिवाळे त्यांनी ती भिंत गाडीगाडीने वाहिली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात अशी खरबुजं आली, की मॉस्कोहून माणूस त्यांचा फोटो काढायला आला. कडेवर नातवंड घ्यावं तसं खरबूज घेतलेला तो फोटो अजून आमच्या मोठ्या खोलीत आहे. बेकचान तेव्हा चौदा वर्षांचे, गाढव धरून पुढे. मदरीम सात वर्षांचा, मातीच्या ढिगावर बसून मागे. काम एकाने केलं, मजा दुसऱ्याने मारली, आणि मोठेपणीही त्यांचं तसंच चालू राहिलं.

पुढे किल्ल्यावर पाटी लागली की इथली माती उचलणं गुन्हा आहे. शाळेत पोरांना शिकवू लागले, की किल्ला फोडणारे अडाणी लोक होते. आमचे बेकचान तोवर गावातले वडीलधारे झालेले. लग्न असो की मयत, पहिली जागा त्यांची. तेव्हा त्यांना भीती वाटायची ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी बिचाऱ्या मंगोलांना राबवायचं, ही जरा मजाच.

आता मदरीमबद्दल. ठेंगणा, रुंद, आणि डोक्यावर मेंढीच्या कातड्याची केसाळ टोपी, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. तो कापसाचा ट्रक चालवायचा. सामुदायिक शेत मोडलं, ट्रकही मोडला, आणि मदरीमने एक छोटी व्हॅन घेऊन पाहुणे फिरवायला सुरुवात केली. मोठे वाटाडे चांगले शिकलेले, चार भाषा बोलणारे. त्यांच्याकडे दोन-दोन दिवसांच्या सहली. मदरीमला राजांची नावं पाठ होईनात आणि चालायचा कंटाळा. म्हणून त्याने स्वतःची एक आखूड सहल काढली. ज्यांची गाडी दुपारची आहे, ज्यांचे पाय दुखतात, ज्यांची बायको वैतागलीय, असे सगळे मदरीमकडे. चार तासांत खिव्याचं आतलं शहर, वाळवंट, किल्ला आणि स्टेशन.

शहर तो एका तासात उरकायचा. एका इमारतीपुढे एक वाक्य. तो निळा, जाडा, अर्धवट राहिलेला मिनार आहे ना, त्याच्यापुढे उभा राहून म्हणायचा, "राजा मेला, काम थांबलं. चला." दोनशेवर लाकडी खांबांच्या मशिदीत म्हणायचा, "खांब फोटोत मोजा, घरी गेल्यावर." कुणी राजाचं नाव विचारलं तर म्हणायचा, "एक खान होता." दुसऱ्या इमारतीपाशी विचारलं तर, "दुसरा खान." एकदा एका बाईंनी वहीत लिहून घेत विचारलं, "आणि हा तिसरा?" तर हा म्हणे, "नाही, हा पुन्हा पहिलाच."

त्याची बायको सोनाजान माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायची. "यांगा, ह्यांना लोक पैसे देतात तरी कशाला?" थोरल्या भावाच्या बायकोला, म्हणजे मला, ती दोघंही यांगा म्हणत.

मी म्हणायची, "लवकर घरी सोडतो ना, त्याचे."

पण उंटकिल्ल्यावर मात्र मदरीम खुलायचा. तिथे त्याच्याकडे मंगोल होते. सुरुवातीला त्याने भावाच्या धाकाने जेमतेम पाचशे मंगोल आणले. पुढच्या वर्षी ते पाच हजार झाले. मग त्यांना पेटते बाण आले, मग भिंत खणणारी टोळी आली, मग एका मंगोल सरदाराची किल्ल्यातल्या मुलीवर नजर गेली. दर हिवाळ्यात आमच्या चौथऱ्यावर बसून तो नवीन हंगामाची तयारी मला ऐकवायचा. एका वर्षी त्याने हत्ती आणले. मी म्हटलं, "मदरीम, हत्ती परत पाठव."

"का? पाहुण्यांना आवडतात."

"अरे, इथे बकरीला चारा पुरत नाही. हत्ती काय वाळू खाणार?"

त्याने हत्ती काढले, पण मनापासून नाही. आमचे बेकचान कोपऱ्यात चहा पीत ऐकायचे आणि मिशीत हसायचे. बाबांचं नाव सुखरूप होतं. वीसेक वर्षं सगळं असं सुरळीत चाललं.

आणि मग एका शरद ऋतूत मदरीमच्या व्हॅनमध्ये एक म्हातारं जोडपं बसलं. नवरा उंच, सुरकुतलेला, बायको गोल चेहऱ्याची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. दुपारची गाडी. रशियन दोघांनाही येत होती आणि मदरीमलाही, तिघांचीही सारखीच मोडकी. कुठून आलात, हे मदरीमने विचारलं नाही. आखूड सहलीत असल्या चौकशांना वेळ नसतो. त्याला वाटलं, कझाक असतील.

पुढचं मला त्याने स्वतः सांगितलंय, तेव्हा थोडं फुगवलं असेल तर ते त्याचं.

खिंडारापाशी त्याने नेहमीसारखी टोपी मागे सारली आणि मंगोल आणले. त्या दिवशी म्हणे ते फारच छान आले. घोडे, धूळ, बाण, तीन दिवस तीन रात्री. भिंत पडताना तर त्याने दोन्ही हात वर करून स्वतःच आवाज काढला. म्हातारा एकही शब्द न सोडता ऐकत होता. मग त्याने विचारलं, "कोणत्या बाजूने आले?"

मदरीमने ऐटीत हात केला तो थेट आमच्या खरबुजाच्या शेताकडे. कारण खरंच तिकडूनच आले होते, गाढव घेऊन.

म्हाताऱ्याने टोपी काढली. बायकोला काहीतरी म्हणाला. दोघांनी खाली वाकून तीन-तीन दगड उचलले, खिंडाराच्या तोंडाशी रचले आणि त्या ढिगाला फेऱ्या घालू लागले. एक, दोन, तीन. बाई पट्टा बांधलेला गुडघा धरून लंगडत होती. मग तिने मदरीमला विचारलं, "दूध आहे?" दूध कुठलं? गाडीत सोनाजानने दिलेलं ताक होतं, याच्या जेवणाचं. ते तिने घेतलं आणि बोटांनी चारी दिशांना शिंपडून टाकलं. मदरीम म्हणतो, "यांगा, मी ताकाकडे बघत राहिलो. तोवर मला काही कळलंच नव्हतं."

मग म्हाताऱ्याने पिशवीतून एक लांब निळं रेशमी वस्त्र काढलं, दोन्ही तळहातांवर आडवं धरलं आणि मदरीमपुढे झुकला. म्हणाला, "माझं नाव चुलुन. मी मंगोलियाचा. घोड्यांचा डॉक्टर होतो. आमच्या लोकांनी तुमच्या लोकांचं घर पाडलं. मी माफी मागतो."

मदरीमचं तोंड उघडं राहिलं ते गाडीत बसेपर्यंत मिटलं नाही.

त्याने त्यांना स्टेशनवर न्यायचं, तर थेट आमच्या अंगणात आणलं. मी शेपूच्या हिरव्या शेवया लाटत होते. बघते तर दारात मदरीम, गळ्यात निळं वस्त्र, चेहरा चुन्यासारखा, मागे दोन पाहुणे.

"आका कुठायत?"

बेकचान चौथऱ्यावर बसले होते, समोर गावातले दोघे जण चहाला. पाहुणे आले म्हटल्यावर सगळे उठले, हात छातीवर गेले, जागा झाली, चहा आला, खरबूज कापलं गेलं. मदरीम मात्र उभाच.

"आका," तो म्हणाला, "हे मंगोलियाहून आलेत. भिंतीबद्दल माफी मागतायत."

एवढंच म्हणाला. त्याची काय आशा होती ते मला तेव्हाही दिसत होतं. थोरल्याने हसून सत्य सांगून टाकावं आणि आपली सुटका करावी. चुलुन गावातले वडील समोर आहेत असं समजून पुन्हा उठला आणि बेकचानपुढेही झुकला.

आमच्या बेकचानांनी काय करावं? दाढीवरून हात फिरवला. गावातल्या त्या दोघांकडे एकदा पाहिलं. घसा साफ केला. आणि अगदी मोठेपणाने म्हणाले, "झालं गेलं. जुनी गोष्ट. आम्ही माफ केलं."

माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं.

"आका!" मदरीम किंचाळलाच. "तुम्ही माफ करताय?"

"बस, चहा घे," बेकचान दातांमधून म्हणाले.

"नाही बसत! ह्या बाईंनी दुखऱ्या गुडघ्याने तीन फेऱ्या मारल्या! माझं ताक शिंपडलं!" आणि तो चुलुनकडे वळून रशियनमध्ये सगळं बोलला. हातवारे इतके, की रशियन न येणाऱ्यालाही कळावं. बाबा, भिंत, गाडी, गाढव, खत, खरबूज. मोठ्या खोलीतल्या त्या फोटोपर्यंत त्यांना घेऊन गेला आणि बोट ठेवलं. "हे तुमचे मंगोल. जुमानियाज नाव. माझे वडील."

चुलुन फोटो निरखून बघत होता. मग त्याने विचारलं, "खरबूज गोड होतं?"

"मधासारखं," मदरीम म्हणाला आणि रडायलाच लागला.

चुलुनची बायको, ओयून तिचं नाव, ती आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच बोलली. नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "माफी परत घे म्हणावं. माझा गुडघा कोण परत देणार?" आणि ती अशी हसली, की चहा पेल्याबाहेर सांडला. चुलुनही हसला. वस्त्र मात्र त्यांनी परत घेतलं नाही. एकदा दिलं ते दिलं म्हणाले. मदरीमने व्हॅन इतकी पळवली, की गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दोघं डब्यात होते, खरबुजाच्या फोडी हातात घेऊन.

इकडे पाहुण्यांची पाठ वळली आणि आमच्या बेकचानांनी मदरीमचा पेला उचलला. त्यातला चहा अंगणात ओतला आणि पेला कोनाड्यात पालथा घातला.

दस्तरखानावर पेला नाही, हे त्यांनी नुसतं बोलून दाखवलं नव्हतं, हे त्या दिवशी मला कळलं.

पुढचे दोन हिवाळे ते दोघं बोलले नाहीत. मधे एक कुडाची भिंत, तिच्यात एक दार, आणि त्या दारात मी. मदरीम तर आता सुटलाच होता. प्रत्येक सहलीत खिंडारापाशी उभा राहून बाबांचं नाव घ्यायचा. गावातल्या ज्यांच्या ज्यांच्या बापांनी किल्ला खाल्ला होता, ते आमच्याकडे येऊन बसायचे. "बेकचान-आका, भावाला आवरा. आज जुमानियाज बाबांचं नाव घेतोय, उद्या आमच्या बापाचं घेईल."

"तो माझा कोणी नाही," आमचे हे म्हणायचे.

पण मदरीम खिव्याला जायचा, आणि ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या खिव्यातच मिळायच्या. मग तो दाराशी व्हॅन थांबवायचा, दोनदा भोंगा वाजवायचा, मी जायची.

"यांगा, तुमच्या यजमानांना सांगा, ह्या वेळी गोळीचा रंग वेगळा आहे, घाबरू नका म्हणावं."

मी आत जाऊन सांगायची. आतून आवाज यायचा, दारापर्यंत पोहोचेल इतका मोठा, "तुझ्या दिराला सांग, मी गोळीला घाबरत नाही."

"यांगा, विचारा, खोकला कसाय?"

"सांग त्याला, खोकला माझा आहे!"

मी मधे उभी राहून म्हणायची, "दोघांनाही ऐकू येतंय. मी काय टेलिफोनची तार आहे?" आणि सोनाजान पलीकडून हसू दाबायची.

मला मात्र हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. ईदच्या दिवशी मदरीम दाराशी यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहून हात पसरून दुआ मागायचा आणि परत जायचा. ह्यांनी कोनाड्याकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती. अधूनमधून मी पेला पुसायला उचलायची तर म्हणायचे, "राहू दे तो." म्हणजे पालथा राहू दे. पण फेकूनही दिला नाही. मी त्यावरच आस धरून होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात चहाच्या टपरीवरून आमचे बेकचान तरातरा घरी आले. काठी भिंतीला आपटली.

"काय झालं?"

"दहा-बारा!"

"काय दहा-बारा?"

"तो पाहुण्यांना सांगतो, बाबांनी दहा-बारा गाड्या माती नेली! टपरीवर सापर म्हणत होता, स्वतःच्या कानाने ऐकलं त्याने. दहा-बारा! अगं, नव्वद गाड्या होत्या! दोन हिवाळे! माझ्या हातांची सालं निघाली होती. बाबांच्या पाठीत जो वाक आला तो कधी सरळ झाला नाही. आणि हा दहा-बारा म्हणतो. हा वरती बसून सूर्यफुलाच्या बिया खायचा, ह्याला काय ठाऊक!"

"मग तुम्ही सांगा की त्याला."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, शेतातून एक खरबूज तोडून पिशवीत टाकलं आणि काठी टेकत निघाले. मी विचारलं नाही. दहा पावलं मागे राहून मीही निघाले. त्यांनी वळून पाहिलं, पण परत जा म्हणाले नाहीत.

उंटकिल्ल्याच्या खिंडारापाशी एक सावलीचा तुकडा पडतो, तिथे ते बसले. तासाभराने व्हॅन आली. आरशाला निळं वस्त्र बांधलेलं होतं. आतून रशियन शिकवणाऱ्या दोन फ्रेंच शिक्षिका उतरल्या, मागून मदरीम. त्याने भावाला पाहिलं आणि जागच्या जागी थबकला. मला वाटलं, आता हा पुन्हा मंगोल आणणार. इतकी भीती त्याच्या चेहऱ्यावर होती. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

मग म्हणाला, "ही भिंत माझ्या वडिलांनी नेली. त्यांचं नाव जुमानियाज. जमिनीत मीठ होतं. खायला कमी होतं. दहा-बारा गाड्या..."

"नव्वद," सावलीतून आवाज आला.

मदरीम वळला.

"नव्वद गाड्या. मोजल्यात मी. आणि गाढव माझ्या हातात होतं."

त्या बायांना आमची भाषा कळेना. एकीने मदरीमला विचारलं, हे आजोबा काय म्हणतात? मदरीमने तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला मधे न घेता त्यांना विचारलं, "आका, सांगू का ह्यांना? तुमचंही नाव?"

"मग मी उन्हात कशाला आलोय?" बेकचान म्हणाले. "सांग. आणि नीट सांग. बाबांची पाठ सांग. तुझ्या त्या हत्तींसारखं काहीतरी घालू नकोस."

मदरीमने सांगितलं. जसं होतं तसंच, पहिल्यांदाच काही न वाढवता. सहलीचा वेळ तिथेच संपला, पण त्या बाया हलेनात. मग आमच्या ह्यांनी पिशवीतून खरबूज काढलं, गुडघ्यावर ठेवून कापलं आणि पहिली फोड त्यांना दिली. मदरीम म्हणाला, "खा. ही भिंत आहे. आता तुम्हीही खाल्लीत." त्या इतक्या हसल्या, की रस हनुवटीवरून सदऱ्यावर गळला. दुसरी फोड बेकचानांनी मदरीमपुढे धरली. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

संध्याकाळी कोनाड्यातला पेला मी सुलटा केला. त्यात एक कोळी मेला होता. तो मी दाखवला नाही.

गावाने चार दिवस तोंड फुगवलं. मग सापरच एकदा मदरीमला म्हणाला, "आमच्या बापानेही वायव्येचा बुरूज नेला होता. कधी वेळ मिळाला तर सांग." मदरीम म्हणाला, "आखूड सहल आहे, बुरूज बसत नाही." पण नंतर बसवला.

त्यानंतरचे चार उन्हाळे मदरीम सहलीच्या आधी आमच्या दाराशी यायचा आणि बेकचान त्याला शेतातलं एक खरबूज निवडून द्यायचे. निवडायला अर्धा तास लावायचे, टिचक्या मारून, वास घेऊन. पाहुणे व्हॅनमध्ये घड्याळ बघत बसायचे. खिंडारापाशी ते कापलं जायचं. फळ खूपच गोड निघालं, तर मदरीम बिया टाकून द्यायचा नाही, रुमालात बांधून आणायचा. बाबांचं बी आहे, मोडायला नको, असं बेकचानांनी त्याला बजावलं होतं. आणलेल्या बिया मी धुऊन गच्चीवर वाळवायची.

मदरीम वारला, त्याआधीची त्याची शेवटची सहल सप्टेंबरात झाली, ऊन उतरायला लागलं तेव्हा. छातीत दुखतं म्हणून सोनाजान त्याला दोन दिवस अडवत होती. पण जर्मनीहून एक बाप-लेक आले होते, दुपारची गाडी, त्यांना दुसरं कोण नेणार? सकाळी तो खरबूज घेऊन गेला. आमच्या ह्यांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला आणि मदरीमने भोंगा वाजवून घाई केली. शहर एका तासात झालं. सोनाजानला तो मागाहून सांगत होता, की निळ्या मिनारापाशी मुलीने राजाचं नाव विचारलं आणि आज मला आठवलं. पण मी सांगितलं नाही, म्हटलं, सवय बिघडेल.

त्याने दोघांना वेळेवर गाडीत बसवलं. मग आमच्या दाराशी आला. दोनदा भोंगा. मी गेले. व्हॅनमधून उतरला नाही, खिडकीतूनच ओला रुमाल दिला.

"चांगलं निघालं का?"

"मुलीने चार फोडी खाल्ल्या. बापाला एकच मिळाली." मग म्हणाला, "आकांना सांगा, ह्या बिया वेगळ्या ठेवा म्हणावं. आणि गोळ्या उद्या आणतो, आज दुकान बंद होतं."

"चहा घेऊन जा की."

"नको यांगा, सोनाजान वाट बघत असेल."

रुमाल मी तिथेच नळाखाली धुतला आणि बिया वरती नेऊन पसरल्या.